धुराड्यातलं मोजलं, गळतीचं काय? श्रीमंत देशांच्या विजेतला मीथेन

माझा भाचा कोपनहेगनला असतो. मागच्या आठवड्यात त्याने फॅमिली ग्रुपवर एक चार्ट टाकला, वीज आणि उष्णता तयार करताना कुठला श्रीमंत देश माणशी किती मीथेन सोडतो असला काहीतरी, आणि खाली मेसेज, "मामा, हे उलटं छापलंय का? आम्ही अमेरिकेच्या वर कसे?" आता डेन्मार्क म्हणजे पवनचक्क्या, सायकली, स्वच्छ हवा, आणि अमेरिका म्हणजे दर दुसऱ्या घरापुढे ट्रक, त्यामुळे पोराचं डोकं फिरणं साहजिक होतं. ग्रुपवर लगेच "आकडे मॅनेज असतात सगळे" असं एका काकांनी टाकून विषय संपवला.

पण चार्ट उलटा छापलेला नव्हता. बरोबर होता. फक्त त्यात काय मोजलंय आणि काय नाही हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

आधी मीथेन म्हणजे काय ते बघू

शहरात स्वयंपाकघरात पाइपने येतो तो गॅस म्हणजे जवळजवळ सगळा मीथेनच. सिलिंडरमधला वेगळा, तो प्रोपेन-ब्युटेन. गोबरगॅसमध्ये साधारण साठ टक्के मीथेन असतो. कोळशाच्या थरात अडकलेला असतो, भाताच्या खाचरातून निघतो, गाईम्हशींच्या ढेकरातून निघतो, कचरा डेपोतूनही निघतो.

हा जळला तर त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. न जळता हवेत गेला तर खरी पंचाईत, कारण उष्णता अडवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या कैक पट जोरदार आहे. गोधडी आणि चादर डोळ्यासमोर आणा. मीथेन म्हणजे जाड गोधडी, पण बारा वर्षांत विरणारी. कार्बन डायऑक्साइड म्हणजे पातळ चादर, पण ती पणजोबांपासून पणतवापर्यंत तशीच. आता "गोधडी चादरीच्या किती पट गरम?" असं विचारलं तर उत्तर तुम्ही किती वर्षांचा हिशोब धरता त्यावर. शंभर वर्षांचा धरला तर खनिज मीथेन, म्हणजे कोळसा-गॅसबरोबरचा, साधारण ३० पट, वीसच वर्षांचा धरला तर ८० पटीच्या वर. हे दोन्ही आकडे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान पॅनेलचे आहेत आणि दोन्ही खरे आहेत, त्यामुळे कोणी नुसतंच "मीथेन ८० पट वाईट" म्हणालं तर किती वर्षांच्या हिशोबाने ते विचारायचं. देश आपल्या उत्सर्जनाचे जे सरकारी तक्ते देतात त्यांत शंभर वर्षांचा हिशोब चालतो.

आजपर्यंत पृथ्वी जेवढी तापली त्यातला सुमारे अर्धा अंश मीथेनच्या खात्यावर आहे, म्हणजे हा काही साइड रोल नाही.

वीज कळली, पण "उष्णता" कुठून आली?

आपल्याकडे हा शब्द खटकतो कारण आपल्याला उष्णता तयार करायला लागत नाही, ती एप्रिलमध्ये फुकट मिळते. पण तिकडे थंड देशांत अख्ख्या शहराला मिळून एक बंब असतो असं समजा. पूर्वी आपल्या वाड्यांत न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा ना, तसाच, फक्त प्रचंड, आणि त्यातलं गरम पाणी जमिनीखालच्या पाइपांतून घरोघरी जातं, रेडिएटर तापवतं, थंड होऊन परत येतं. याला डिस्ट्रिक्ट हीटिंग म्हणतात. डेन्मार्कमध्ये दर तीन घरांपैकी जवळपास दोन घरं अशी तापतात, कोपनहेगनमध्ये तर जवळजवळ सगळीच.

आणि शहाणपणाची गोष्ट अशी की हा बंब वीजकेंद्रालाच जोडलेला असतो. वीज करताना निम्मीअधिक उष्णता एरवी वाया जाते, हे लोक ती घरात घेतात. म्हणून तक्त्यात वीज आणि उष्णता एकाच ओळीत येतात, त्यांना वेगळं काढणं अवघड असतं.

त्या एका ओळीत नक्की काय मोजतात

१९९२ च्या हवामान करारात श्रीमंत आणि त्यावेळच्या पूर्व युरोपातल्या देशांची एक यादी केली गेली, आणि या यादीतल्या देशांना दरवर्षी उत्सर्जनाचे तक्ते द्यावे लागतात. यादी जुनी आहे हे लक्षात ठेवा, म्हणजे त्यात रशिया आणि तुर्की आहेत पण दक्षिण कोरिया, सिंगापूर, कतार नाहीत. "श्रीमंत देशांची तुलना" म्हणून जे चार्ट फिरतात त्यातले बरेच याच यादीवर बेतलेले, त्यामुळे आजचे काही चांगलेच पैसेवाले त्यात दिसतच नाहीत.

आता मुख्य मुद्दा. या तक्त्यात सार्वजनिक वीज आणि उष्णता या नावाची जी ओळ आहे तिच्यात फक्त केंद्राच्या धुराड्यातून जे बाहेर पडतं तेवढंच धरतात, म्हणजे जाळायला घेतलेल्या इंधनातला जो मीथेन न जळता निसटला तो. बास. त्या केंद्रासाठी कोळसा खणताना खाणीतून जो मीथेन सुटला तो वेगळ्या ओळीत, गळती या नावाखाली. गॅसच्या विहिरी, पाइपलाइन, कॉम्प्रेसर यांची गळतीही तिथेच. कचरा डेपोचा मीथेन कचऱ्याच्या खात्यात, शेणाचा शेतीच्या खात्यात, धरणाचा जमिनीच्या खात्यात.

यात लबाडी नाही, एकच गोष्ट दोनदा मोजली जाऊ नये म्हणून हे असं वाटून घेतलेलं आहे. पण चार्ट बनवणारा यातली एकच ओळ उचलतो, तिला छान रंग देतो आणि वर लिहितो "विजेतून होणारं मीथेन उत्सर्जन", आणि वाचणाऱ्याला वाटतं की विजेमागचा सगळा मीथेन इथे आला.

मग डेन्मार्कने असं काय केलं?

१९७३ च्या तेलटंचाईत डेन्मार्कची फार वाईट अवस्था झाली होती, जवळपास सगळी ऊर्जा बाहेरच्या तेलावर. त्यातून १९७९ मध्ये त्यांनी उष्णतापुरवठ्याचा कायदा केला, गावोगावी सामायिक बंब आले, आणि १९९० च्या दशकात छोट्या गावांच्या या बंबांना गॅसवर चालणारी इंजिनं जोडली. इंजिन म्हणजे खरोखरचं पिस्टनवालं इंजिन, ट्रकचं असतं तसं पण खोलीएवढं. वीजही मिळते, गरम पाणीही मिळतं. आयडिया एक नंबर होती.

अडचण इंजिनाच्या पोटात. मोठ्या वीजकेंद्रात बॉयलर किंवा टर्बाइन असतं, तिथे ज्योत सलग पेटलेली असते, गॅस आला की जळला. पिस्टनच्या इंजिनात मात्र सेकंदाला अनेकदा पेट-विझ चालतं, सिलिंडरच्या कडेला, फटीत, थंड भिंतीपाशी थोडा गॅस दरवेळी पेट न घेताच राहतो आणि पुढच्या झटक्यात धुराबरोबर बाहेर जातो. त्यात ही इंजिनं मुद्दाम जास्त हवा आणि कमी गॅसवर चालवतात, म्हणजे विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी निघावेत म्हणून, आणि त्याचा उलटा परिणाम असा की न जळलेला मीथेन वाढतो. एका प्रदूषणाची शेपटी दाबली की दुसऱ्याचं तोंड उघडतं, त्यातला प्रकार.

आता आकडे. उष्णतेचं एक मोठं माप आहे टेराज्यूल, आपल्या घरगुती सिलिंडरच्या भाषेत सांगायचं तर साधारण दीड हजार सिलिंडर एवढी उष्णता. एवढी उष्णता गॅसच्या मोठ्या केंद्रात तयार केली तर आंतरराष्ट्रीय ठोकताळ्यानुसार धुराड्यातून १ किलो मीथेन निसटतो. फक्त एक किलो. डेन्मार्कने आपल्या इंजिनांच्या धुराड्यांपाशी प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा आकडा आला सुमारे ४८० किलो. म्हणजे आत घातलेल्या गॅसपैकी साधारण २.४ टक्के गॅस न जळताच बाहेर.

तर भाच्याच्या चार्टमधला उंच खांब तिथून आलाय. ही इंजिनं आली तसा १९९० च्या दशकात डेन्मार्कचा या ओळीतला आकडा कैक पटीने चढला, नंतर वीजबाजार खुला झाल्यावर ही इंजिनं परवडेनाशी झाली, ती कमी तास चालू लागली आणि आकडा उतरत गेला. २०११ पासून त्यांनी गॅस इंजिनातून निसटणाऱ्या मीथेनवर करही लावला. तरीही लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास असलेल्या देशात माणशी काढलं की खांब उंचच दिसतो.

इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. डेन्मार्कचा आकडा मोठा दिसतो त्याचं एक कारण इंजिनं आहेत हे खरं, पण दुसरं कारण त्यांनी मोजलं हे आहे. जो देश असली इंजिनं चालवूनही सरसकट "एका टेराज्यूलला एक किलो" हा ठोकताळा लावेल तो कागदावर डेन्मार्कपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसेल. वजनकाट्यावर उभा राहणाराच जाडा ठरतो, बाकीचे अंदाजे पंचाहत्तर सांगून मोकळे.

जर्मनीतही तेच, पण गॅस शेणाचा आणि मक्याचा

जर्मनीने २००० साली अक्षय ऊर्जेचा कायदा केला आणि त्यात बायोगॅसच्या विजेला वर्षानुवर्षं पक्का भाव दिला. शेतकऱ्यांनी हजारोंनी प्लांट टाकले. शेण, लेंडी, आणि पुढे पुढे मुद्दाम त्यासाठीच पिकवलेला मका. गॅस जाळायला परत तीच पिस्टनची इंजिनं, त्यामुळे जर्मनीच्या वीज-उष्णतेच्या ओळीतला मीथेन १९९० च्या कैक पट झाला, तोही नेमका त्याच काळात जेव्हा देश म्हणून त्यांचं एकूण मीथेन उत्सर्जन खाली येत होतं.

म्हणजे बायोगॅस वाईट? थांबा. ज्यांच्या घरी गोबरगॅस आहे त्यांना हे पटकन कळेल. शेण उघड्या खड्ड्यात साठवलं असतं तरी त्यातून मीथेन निघालाच असता, फक्त तो शेतीच्या खात्यात दिसला असता. ते टाकीत बंद करून गॅस जाळला तर शेतीच्या खात्यातून बराच कमी होतो आणि विजेच्या खात्यात थोडासा नवीन उगवतो. एका खिशातले शंभर गेले, दुसऱ्यात दहा आले, आणि आपण फक्त दुसरा खिसा बघून ओरडतोय. मक्याचं मात्र तसं नाही, तो मका मुळात गॅससाठीच लावलेला, त्यामुळे तिथे इंजिनातून निसटलेला मीथेन हा निव्वळ वाढीवच. शेणाचा आणि मक्याचा बायोगॅस एकाच माळेत ओवणाऱ्यांशी माझं जमत नाही ते यामुळे.

लाकडाचंही असंच आहे, स्वीडन-फिनलंडमध्ये सामायिक बंबांत लाकडाचे तुकडे, भुसा, सालपटं जाळतात. ठोकताळ्याप्रमाणे मोठ्या केंद्रात लाकडाच्या एका टेराज्यूलला ३० किलो मीथेन, म्हणजे गॅसच्या तीसपट. ऐकायला भयंकर. पण तेच लाकूड घरोघरच्या शेगडीत जाळलं तर ठोकताळा ३०० किलोचा आहे, आणि तो धरला जातो घरगुती ओळीत. गावाने शेगड्या बंद करून सामायिक बंब घेतला की वीज-उष्णतेची ओळ वाढते आणि देशाचा एकूण मीथेन घटतो.

"पण धुराड्यातलं हे सगळं किरकोळच ना?"

बऱ्याच जणांचा हा आक्षेप असतो आणि तो बराचसा बरोबर आहे. एका युनिट विजेचा हिशोब करून बघू, आकडे मी मुद्दाम गोळाबेरीज घेतोय.

गॅसचं चांगलं केंद्र, निम्मी उष्णता विजेत उतरवणारं. एका युनिटला साधारण १४४ ग्रॅम गॅस लागतो. त्यातून ४०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. धुराड्यातून मीथेन किती? साधारण ७ मिलिग्रॅम. मिलिग्रॅम हो, चिमूटभरसुद्धा नाही. तीसने गुणलं तरी ०.२ ग्रॅम. चारशेपुढे पाव ग्रॅमही नाही.

आता त्याच युनिटमागची गळती बघा. २०१८ मध्ये सायन्स या नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांच्या मोठ्या गटाचा अभ्यास आला, त्यांनी विहिरीपासून पुढच्या साखळीत प्रत्यक्ष मोजमापं घेऊन सांगितलं की अमेरिकेत काढलेल्या गॅसपैकी साधारण २.३ टक्के मीथेन वाटेतच निसटतो, आणि हे त्यांच्या सरकारी आकड्याच्या ६० टक्के जास्त होतं. ही सगळ्या साखळीची सरासरी आहे, एखाद्या केंद्रापुरती कमीजास्त होईल, पण १४४ ग्रॅमचे २.३ टक्के धरा, ३.३ ग्रॅम झाले. धुराड्यातल्या ७ मिलिग्रॅमच्या साडेचारशेपट! शंभर वर्षांच्या हिशोबाने हे १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं, वीस वर्षांच्या हिशोबाने २७० ग्रॅमच्या. आणि हे चार्टमध्ये नाहीच, कारण ते गळतीच्या ओळीत.

आता डॅनिश इंजिन. तिथे एका युनिटमागे धुराड्यातूनच ४ ग्रॅमच्या वर मीथेन जातो. बदल्यात घरं तापतात, तेही धरायला हवं, म्हणजे सगळं पाप विजेच्या माथी मारता येत नाही. पण आकड्यांकडे नीट बघा, डेन्मार्कच्या इंजिनातून निसटतो २.४ टक्के आणि अमेरिकेच्या साखळीतून निसटतो २.३ टक्के. जवळपास सारखंच! एकाचं छिद्र मोजणीच्या रेषेच्या आत आहे आणि दुसऱ्याचं बाहेर, एवढाच फरक. आपल्याकडे महावितरण आणि महापालिकेचं पाणीखातं दोन्ही गळतीवरून सारखी बोलणी खातात, पण निदान गळती कुणाच्या खात्यात हा वाद नसतो.

जपानची पाटी एवढी कोरी कशी?

दिवाळीत सगळा फराळ बाहेरून आणला तर घरात तेलाचा वास नाही, कढई घासायची नाही, ओटा स्वच्छ. तेल जळलं ते फराळवाल्या ताईंच्या घरी. जपानचा गॅस असाच आहे. देशात लागणारा जवळजवळ सगळा गॅस बाहेरून येतो, उणे १६२ अंशाला थंड करून द्रव केलेला, ऑस्ट्रेलिया, मलेशिया, कतार, अमेरिका वगैरेंकडून. २०११ ला फुकुशिमा झाल्यावर अणुकेंद्रं बंद पडली आणि ही आयात आणखी वाढली. विहिरीपाशी, प्लांटपाशी जो मीथेन निसटतो तो त्या त्या देशाच्या वहीत लिहिला जातो, कारण नियमच असा आहे की ज्याच्या हद्दीत सुटलं त्याच्या खात्यात. जपानच्या वहीत फक्त धुराडं. तेही मोठ्या टर्बाइनचं, म्हणजे जवळजवळ शून्य.

कोळशाचंही तसंच. जर्मनीने आपली शेवटची दगडी कोळशाची खाण, बोट्रॉपची, डिसेंबर २०१८ मध्ये बंद केली. खाणीतला मीथेन वहीतून कमी झाला. पण दगडी कोळसा जाळणं त्या दिवशी थांबलं नव्हतं, तो बाहेरून येत राहिला. ब्रिटनची शेवटची मोठी खोल कोळसाखाण २०१५ लाच बंद झाली होती, त्यांनी मात्र पुढे ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं कोळशाचं वीजकेंद्रही बंद केलं, त्यामुळे तिथे वही आणि वास्तव बऱ्यापैकी जुळतं.

आपणही यातून सुटलेलो नाही. दाभोळला किंवा दहेजला जहाजाने जो द्रव गॅस उतरतो त्याची विहिरीजवळची गळती आपल्या वहीत येत नाही.

"हे आकडे देश स्वतःच देतात, मग विश्वास का ठेवायचा?"

काकांचा मुद्दा, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. बरेचसे आकडे मोजलेले नसतात, काढलेले असतात. इतका कोळसा, गुणिले इतका ठोकताळा, झालं उत्तर. धुराड्याच्या बाबतीत हे बहुतेक ठिकाणी चालून जातं, कारण रक्कमच छोटी. गळतीच्या बाबतीत चालत नाही, कारण गळती सरासरीने होत नाही. हजार ठिकाणी थोडी थोडी आणि एका ठिकाणी धो धो असं असतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ अलिसो कॅन्यन इथल्या जमिनीखालच्या गॅससाठ्याची एक विहीर फुटली आणि फेब्रुवारीत बुजवेपर्यंत साधारण ९७ हजार टन मीथेन हवेत गेला. एका विहिरीतून. कुठल्या ठोकताळ्यात बसवणार हे?

म्हणून आता वरून बघतात. २०१७ पासून युरोपचा सेंटिनेल-५पी उपग्रह रोज जगभरचा मीथेन टिपतोय, आणि ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या हेल क्रीक या उघड्या कोळसाखाणीवर त्याला एवढा मीथेन दिसला की नेदरलंडच्या संशोधकांनी तो तिथल्या कागदी हिशोबाशी ताडून बघितल्यावर मोठा वाद झाला, कारण उघड्या खाणीतून फारसं काही सुटत नाही असं गृहीत धरलेलं होतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये सांगितलं की जगभरात ऊर्जाक्षेत्राचा खरा मीथेन सरकारी आकड्यांपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी जास्त आहे. सगळं उपग्रहांवर सोडूनही भागत नाही म्हणा, खास मीथेनसाठीच मार्च २०२४ ला सोडलेला मीथेनसॅट सव्वा वर्षात संपर्काबाहेर गेला.

"म्हणजे गॅस कोळशापेक्षा वाईट?"

या प्रश्नावर लोक फार पटकन हो म्हणतात किंवा फार पटकन नाही म्हणतात. मघाचाच हिशोब पुढे नेतो. गॅसच्या युनिटला ४०० अधिक गळतीचे १००, झाले ५००. कोळशाच्या युनिटला धुराड्यातूनच ९०० ग्रॅमच्या आसपास, वर खाणीतला मीथेन वेगळा. म्हणजे शंभर वर्षांच्या हिशोबात गॅस बराच बरा. वीस वर्षांच्या हिशोबात ६७० विरुद्ध ९०० अधिक खाण, तरी बरा, पण अंतर घटलं. २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात हिशोब मांडला होता की नवीन गॅसकेंद्र चांगल्या कोळसाकेंद्रापेक्षा पहिल्या दिवसापासून फायद्याचं ठरायचं असेल तर गळती ३.२ टक्क्यांच्या खाली हवी. २.३ आणि ३.२ मध्ये फार मोठी दरी नाही, आणि काही गॅसक्षेत्रं त्या रेषेच्या पलीकडे असतात, तर नॉर्वेसारखी काही कितीतरी अलीकडे. "गॅस" असा एकच गॅस नसतो, कुणाकडून घेतला यावर सगळं.

कोळशातही तसंच, खोल खाण जास्त मीथेन सोडते, जर्मनीतला वरच्या थरातला लिग्नाइट, म्हणजे मऊ तपकिरी कोळसा, कमी. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये मीथेनचा कायदा केला त्यात, पोलंडचे खाणवाले बरेच भांडल्यावर, विजेसाठीच्या दगडी कोळशाच्या खाणींना २०२७ पासून हजार टन कोळशामागे ५ टन मीथेन आणि २०३१ पासून ३ टन अशी मर्यादा घातली. ५ टनांच्या मर्यादेत नीट बसणाऱ्या खाणीचा कोळसा घेतला तरी एका युनिटमागे साधारण २ ग्रॅम मीथेन होतो, म्हणजे परत धुराड्याच्या कितीतरी पट. याच कायद्यात बाहेरून तेल, गॅस, कोळसा विकणाऱ्यांनाही आपली गळती मोजून दाखवावी लागणार आहे. फराळवाल्या ताईंच्या कढईपर्यंत पहिल्यांदा कुणीतरी पोचतंय.

धरणाची वीज तरी सुटली का?

पूर्णपणे नाही. धरणाच्या तळाशी गाळ, पाला, शेवाळ कुजतं आणि बुडबुड्यांनी मीथेन वर येतो. स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ वोलेनसे नावाचा वीजधरणाचा तलाव आहे, थंड देश, छोटं पाणी, काय असणार असं वाटावं, पण तिथल्या शास्त्रज्ञांनी मोजलं तर त्या हवामानातल्या धरणासाठी अनपेक्षित इतका मीथेन निघाला. हे जमिनीच्या खात्यात जातं, विजेच्या नाही. तरी कोळशाशी तुलना करायच्या लायकीचं हे सहसा नसतं, उष्ण प्रदेशातली उथळ, झाडं न तोडता बुडवलेली धरणं सोडून.

माणशी, युनिटमागे की एकूण?

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्स फ्लॅटवर घ्यायचा की स्क्वेअर फुटावर यावर जी मारामारी होते तीच इथे. एकूण घेतलं, माणशी घेतलं की युनिटमागे घेतलं, त्यावर कोण वर येतं ते बदलतं. आणि एकच वर्ष घेऊन तर तुलना करूच नका. १९९६ ला नॉर्वे-स्वीडनकडे पाऊस कमी झाला, धरणं खाली गेली, डेन्मार्कने कोळसा जाळजाळून त्यांना वीज विकली आणि त्या वर्षीचा डेन्मार्कचा कार्बनचा आकडा असा उसळला की आजही त्यांच्या आलेखात तो सुळक्यासारखा दिसतो. वापरली शेजाऱ्याने, लिहिली यांच्या वहीत.

एवढं सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं, मध्ये दोनदा "मामा, थोडक्यात" म्हणाला. शेवटी विचारतो, "मग माझ्या रेडिएटरमधून पण तो मीथेन येतोय का?" म्हटलं नाही रे बाबा, ती इंजिनं बहुतेक लहान गावांच्या बंबांना आहेत. तुझ्या शहराचं पाणी बरंचसं लाकडावर आणि कचऱ्यावर तापतं, ते कचरा जाळायचं केंद्र आहे ना, ज्याच्या छपरावर स्की करतात. त्यावर त्याने लगेच त्या छपरावरचा स्वतःचा फोटो टाकला, हेल्मेट वाकडं, मागे धुराडं. काकांनी त्याला अंगठा दिला.